कानातलं नाव

आमच्या घराण्यात प्रत्येकाला दोन नावं असतात. एक शाळेत, पासपोर्टवर आणि मेडिकेअर कार्डावर चालतं ते. दुसरं कानातलं. बारशाला आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्र’ करते, तेव्हा आमच्याकडे आधी ते दुसरं नाव फुंकतात. मग आत्या जरा थांबते, आणि मगच जगासाठीचं नाव मोठ्याने सांगून बाळाला पाळण्यात घालतात. ती मधेच का थांबते, असं लहानपणी मी विचारायची. उत्तर यायचं, ‘तशी पद्धत आहे.’ झालं! पद्धत आहे म्हटलं की आमच्याकडे विषय संपतो.

हे कानातलं नाव सगळ्यांचं एकच. माझ्या वडिलांच्या कानात तेच, माझ्या कानात तेच, माझ्या धाकट्या भावाच्याही. आणि आम्हाला कोणालाच ते माहीत नाही, कारण बाराव्या दिवशी माणसाला कळतं काय, कपाळ! ते माहीत असतं फक्त आत्याला. ती ते पुढच्या आत्याच्या कानात सांगते, पण केव्हा? तर त्या पुढच्या आत्याच्या भावाला मूल होऊन बारसं ठरलं की. एक दिवससुद्धा आधी नाही. लिहायचं नाही, मोठ्याने म्हणायचं नाही, पुरुषांना सांगायचं नाही.

पुढची आत्या म्हणजे मी. आणि माझ्या भावाला चाळिशी उलटली तरी मूल नव्हतं.

मी सिडनीत कॅसल हिलला राहते आणि सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. स्वभावाला साजेसं काम आहे, असं माझा भाऊ म्हणतो. तो टूनगॅबीला. आत्याही टूनगॅबीलाच, तिच्या मुलाकडे. नाशिकच्या शाळेतून ती निवृत्त झाल्यावर त्याने तिला इकडे कायमची आणली. रविवारी मी तिला गाडीत घालून वेंटवर्थव्हिलला भाजीला न्यायची. ती मेथीची जुडी नाकाशी धरायची आणि दुकानदाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, “ही मेथी आहे का लॉन?”

तिला इथलं सगळं आवडायचं. ट्रेन, लायब्ररी, रस्त्यात अनोळखी माणसाने केलेलं गुड मॉर्निंग. फक्त पाणी नाही. बीचवर चल म्हटलं की तिचे गुडघे दुखायला लागायचे. शेवटी एका शनिवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, मी तिला फसवूनच सर्क्युलर कीच्या धक्क्यावर नेलं आणि फेरीबोटीत बसवलं. सिडनीत राहून फेरीत बसली नाहीस म्हणजे काय, वगैरे. बसली बिचारी. पण आत, खिडकीकडे पाठ करून.

फेरी नेव्हीच्या धक्क्यावरून जाते. तिथे करडी जहाजं ओळीने उभी असतात, आम्हाला त्यांचं काही वाटत नाही. आत्याने मान वळवली, ती जहाजं पाहिली आणि माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

“ही अजून आहेत?” ती म्हणाली.

“अगं, ही ऑस्ट्रेलियाची नेव्ही आहे. तुला काय झालं?”

“माझी पणजी आफ्रिकेतली होती, माहीत आहे ना तुला?”

माहीत कसं नसेल? आमच्या घरात फण्या टिकत नाहीत. वडील आमचे केस विंचरताना म्हणायचे, आली बघा आफ्रिका मधे. पण ती आली कशी, हे वडिलांनाही ठाऊक नव्हतं. आत्याने ते त्या फेरीत सांगितलं, वर्गात धडा सांगावा तशा सपाट आवाजात.

“दहा-अकरा वर्षांची पोर होती. तिला आणि तिच्या धाकट्या भावाला धरून गलबतात कोंबलं होतं, विकायला. तेव्हा इंग्रजांचं आरमार त्या समुद्रात गस्त घालायचं, असली गलबतं पकडायला. एक दिवस संध्याकाळी मागे आगबोट दिसली. गलबतवाल्याने पाहिलं, आता आपलं काही खरं नाही. त्याने गलबत सरळ खडकांवर घातलं. आपण किनाऱ्याला पळून जाऊ, माल बुडाला तर बुडाला. माल म्हणजे ही पोरं. गलबत फुटलं. आगबोटीने होड्या सोडल्या, खलाशांनी हाताला लागली तेवढी माणसं उचलली. पणजीला केसांना धरून वर काढलं. भाऊ नाही सापडला.”

“मग?”

“अंधारून आलं होतं. खडक जवळ होते. आगबोट वळली. पणजी डेकवर उभी राहून भावाला हाका मारत होती.” आत्या थांबली. “आणि त्याने ओ दिली.”

फेरीत आमच्यासमोर दोन टूरिस्ट पोरी सेल्फी काढत होत्या. मला त्यांना गप्प करावंसं वाटलं.

“पाण्यातून ओ आली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तिने साहेबाचे पाय धरले, हात करकरून दाखवलं. पण तिची भाषा कोणाला येणार? एका खलाशाने तिला घोंगडीत गुंडाळून खाली नेलं. प्रेमानेच नेलं म्हणे. मुंबईला उतरवलं, मग नाशिकला मिशनच्या आवारात ठेवलं. नवं नाव दिलं, शिवण शिकवलं. तिथल्या शेतावर आपला एक माणूस कामाला होता, त्याच्याशी तिने लग्न केलं आणि ती आपल्यात आली. पण भावाला पुन्हा मोठ्याने हाक मारली नाही. ओ आली तर जावं लागतं ना. एकदा आली होती, आणि कोणी गेलं नव्हतं.”

“म्हणजे ते कानातलं नाव…”

“त्याचं.”

पन्नास वर्षं हे पोर माझ्या कानात बसलंय आणि मला पत्ता नाही!

“आत्या, आत्ताच सांग ना मला नाव. मी कोणाला नाही सांगणार.”

“बारसं ठरू दे.”

“आणि तो गाढव चान्सच घेत नसेल तर?”

“घेईल. ठरू दे बारसं.” मग जहाजं मागे पडल्यावर तिने विचारलं, “तुला पोहता येतं का गं?”

“मला? छे! बादलीत बुडेन मी.”

“मलाही नाही येत. आपल्यात कोणालाच येत नाही.”

त्यानंतर मी वाचत सुटले. आगबोटी होत्या, गस्त होती, सोडवलेली मुलं मुंबईला आणि तिथून नाशिकला आली होती, सगळं खरं. पुस्तकांत त्या मुलांसाठी शब्द एकच, ‘सुटका झालेली’. मला राग यायचा आणि रागाचं करायचं काय ते कळायचं नाही. ती आगबोट आली नसती तर तो पोरगा त्या संध्याकाळी बुडला नसता. आणि आली नसती तर पणजी कुठल्या बाजारात विकली गेली असती कोण जाणे, नाशिकला आली नसती, आम्ही कोणीच झालो नसतो. त्या जहाजाला शिव्या घालायच्या तरी कोणत्या तोंडाने? तेव्हापासून मला शॉवरखाली उभं राहिलं की कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटायचं. मी नळ बंद करून ऐकायची. घरात डिशवॉशर चालू असायचा, बाकी काही नाही.

आणि मग खरंच वहिनीला दिवस गेले. भाऊ हरखला. आत्या तर इतकी खूश, की वेंटवर्थव्हिलला त्या रविवारी मेथीला एका शब्दाने नावं ठेवली नाहीत. मुलगी झाली, बारशासाठी हॉल बुक झाला. मी फोन केला, “ठरलं बरं का बारसं. रविवारी येते, तयार राहा.” ती म्हणाली, “ये. कान साफ करून ये.”

शुक्रवारी तिला स्ट्रोक आला.

जीव वाचला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, समज होती, पण शब्द एकच उरला होता, “हो का.” भूक लागली, हो का. मुलगा आला, हो का. दुखतंय, हो का. आयुष्यभर पोरांची शुद्धलेखनं तपासलेली बाई, रागाने डाव्या हाताची मूठ गादीवर आपटून “हो का, हो का” म्हणायची, आणि मी जिन्यात जाऊन रडायची. तिच्यासाठी रडायची हे खरंच. पण त्या पोरासाठीही रडायची, खोटं कशाला बोलू. त्याचं नाव जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाच्या तोंडातून ते बाहेर येत नव्हतं.

भावाकडे गेले तर तो म्हणाला, “बरंच झालं ना. संपलं एकदाचं.”

“काय संपलं?”

“ही कुजबुज. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आपलं, आणि कानात कसली भुतं फुंकताय? पोरीचं नामकरण आपण त्रिसरण-पंचशील म्हणून करू, साधं, सुटसुटीत.”

“भूत नाहीये ते! आपला माणूस आहे तो!” मी इतक्या जोरात ओरडले की बाळ दचकून रडायला लागलं. वहिनीने दोघांनाही खोलीबाहेर काढलं. दारात उभं राहून मी त्याला फेरीतली सगळी गोष्ट सांगितली. तो चहा करतो म्हणाला आणि केला नाही.

रिहॅबमध्ये आत्याला एक स्पीच थेरपिस्ट होती. क्वीन्सलंडची, रंगाने आमच्याइतकीच काळी, केसही आमच्यासारखे. मी त्या केसांकडे बघतेय हे तिच्या लक्षात आलं. हसून म्हणाली, तिचे पणजोबा पॅसिफिकमधल्या बेटावरचे, उसाच्या मळ्यात राबायला त्यांना पळवून इकडे आणलं होतं. मी आमच्या पणजीचं सांगितलं, आरमाराने सोडवलं म्हणून. ती म्हणाली, “त्यांच्या जहाजालाही नेव्हीने अडवलं होतं म्हणे. कागद तपासले. कागद ठीक होते, म्हणून जाऊ दिलं.” आणि तिने आत्याच्या हातात बॉल ठेवला. “चला, मॅडम, दाबा.”

तिनेच मला सांगितलं की बोलायची वाट बंद झाली तरी अंगवळणी पडलेलं कधीकधी दुसऱ्या वाटेने येतं. गाणी, प्रार्थना, पाढे. मी तिथेच आत्याजवळ बसून हात जोडले आणि वंदना सुरू केली. पहिल्या ओळीला आत्या माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या ओळीला तिचे ओठ हलले. आणि मग त्रिसरण, पंचशील, सगळं आलं हो! धडाधड, एकही अक्षर न अडखळता. थेरपिस्ट टाळ्या वाजवायला लागली. मी घाईघाईने माझा कान आत्याच्या तोंडाशी नेला. “आत्या, आता नाव सांग. त्याचं नाव.”

तिने श्वास घेतला. “हो का,” ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

आत्यासाठी पुढे ढकललेल्या बारशाचा दिवस आला तो असा. वेंटवर्थव्हिलचा हॉल, पांढऱ्या साड्या, समोर बुद्धाची मूर्ती, मागे समोशांचा वास. भावाचा एक मित्र अशा कार्यक्रमांचा हौशी सूत्रसंचालक आहे, कोणी न सांगता माइक हातात घेणारा. नाशिकच्या मंडळींसाठी त्याने फोनवर लाइव्ह लावलं होतं. वंदना झाली. आता बाळाच्या कानात नाव मी फुंकायचं, पण फुंकू काय? मी आत्याची व्हीलचेअर पाळण्याला चिकटवली आणि बाळ उचलून तिच्या डाव्या हातावर ठेवलं. थेरपिस्टचं बोलणं माझ्या डोक्यात होतं. हे तरी अंगवळणी पडलं असेल.

आत्याचं अंगच बदललं. मान खाली झुकली, कोपर बाळाखाली आपोआप वळलं, ओठ बाळाच्या कानाशी गेले. आणि तेवढ्यात त्या हौशी माणसाने प्रेमाने माइक पुढे केला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून! नाशिकपर्यंत! मी किंचाळणार होते. पण खरं सांगायचं तर मी किंचाळले नाही. माझ्या मनात आलं, ऐकू येऊ दे एकदाचं. नियम गेला खड्ड्यात, नाव तरी राहील.

आत्याने काय करावं? गेलेला उजवा हात तर उचलेना. तिने हनुवटीने माइक बाजूला ढकलला, पदर दातांत धरून बाळाच्या डोक्यावर ओढला, आणि त्या पदराआड बाळाशी बोलली. तिच्या ओठांवर ‘हो का’ नव्हतं, एवढं मला दिसलं. ऐकू काही आलं नाही.

म्हणजे नाव आत होतं. शाबूत होतं. मी बाळ वहिनीकडे दिलं आणि आत्याजवळ वाकले. “आता मला. आत्या, मला.”

“हो का,” ती म्हणाली. पुन्हा, “हो का.” तिला कळत होतं काय बाहेर येतंय ते. ती मान हलवून नाही नाही करत होती आणि तोंडातून तेच.

मग मी काय केलं ते आमच्या मंडळींनी अजून मला चिडवायला जपून ठेवलंय. मी हॉलच्या कार्पेटवर गुडघे टेकले आणि माझं पिकलेलं डोकं आत्याच्या मांडीवर आडवं टाकलं. डोळे मिटले. बाळासारखी पडून राहिले. मागे कोणीतरी खुसखुसलं. “अरे क्या हुआ, तबियत ठीक है?” असंही कोणी विचारलं. मग कोणीतरी माझ्या डोक्यावर दुपटं टाकलं. त्याला दुधाचा वास येत होता.

“कुर्र,” माझ्या भावाचा आवाज आला. अगदी जवळून. “कर आत्या. कुर्र.”

तो म्हणाला हो हे! बावीस प्रतिज्ञांवाला!

आत्याचा डावा हात माझ्या गालाखाली आला आणि त्याने माझी मान वळवून कान वर केला. तिचा श्वास कानाला लागला. आणि नाव आलं.

छोटंसंच होतं. मी ते इथे लिहिणार नाही, तो हट्ट सोडा. पण ते नाव ठेवल्यासारखं आलं नाही. शेवटचं अक्षर लांबवलेलं होतं, अंगणात खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवावं तसं. ती हाक होती. पुजलेली, कुजबुजती, चार बायकांच्या तोंडून आलेली, पण हाकच. आणि मग आत्या थांबली. श्वास धरून थांबली. तेव्हा मला कळलं आमची पद्धत कशासाठी आहे ते. ती ऐकत होती. दर बारशाला, दर बाळाच्या कानाशी, आमच्या बायका हाक मारून ऐकत आल्या होत्या, ओ येते का म्हणून.

दुपट्याखालून मीही ऐकलं. हॉलचा एसी घरघरत होता.

उठले तेव्हा भावाने हात दिला. “मिळालं?” त्याने विचारलं. मी मान डोलावली. काय आहे, असं त्याने विचारलं नाही. तो नुसता दुपट्याची घडी घालत राहिला, उलगडून पुन्हा घालत राहिला. शेवटी म्हणाला, “लहान असेल ना गं तो?”

“तुझ्या मुलीपेक्षा मोठा,” मी म्हटलं. “पण लहानच.”

आत्या त्या हिवाळ्यात गेली. पुण्यानुमोदनाला थेरपिस्टही आली होती, मागच्या रांगेत हात जोडून बसली. आता ते नाव जगात मला एकटीला येतं. भाची अजून रांगतेय. तिला भाऊ होईल, त्याला मूल होईल, बारसं ठरेल, तोवर मी असेन की नाही कोणास ठाऊक. मी नियम मोडणार आहे. ती जरा मोठी झाली की सांगून टाकणार आहे. आत्या रागावली तर रागावू दे.

मधे एकदा मी एकटीच पुन्हा त्या फेरीत बसले. या वेळी बाहेर, कठड्याशी. करडी जहाजं होती तिथेच उभी होती. वारा होता, शेजारी कोणी नव्हतं. नाव माझ्या जिभेवर आलं. मोठ्याने एकच हाक मारावी, दीडशे वर्षांत कोणी मारली नाही अशी. मी तोंड उघडलं आणि खाली पाणी पाहिलं, हिरवं, खोल. ओ आली तर जावं लागतं. आणि मला साधं तरंगता येत नाही! मी तोंड मिटलं.

हल्ली मी मंगळवारी कामावरून सुटले की स्विमिंग पूलवर जाते. बिगिनर्सच्या लेनमध्ये गॉगल लावलेली चार-पाच वर्षांची पोरं आणि त्यांच्यात मी, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा झगा घालून. नाकातोंडात पाणी जातं, पोरं हसतात, मी त्यांना डोळे वटारते. माझा मुलगा म्हणतो, “आई, why now?” शिकवणारी मुलगी चुणचुणीत आहे. पहिल्याच दिवशी तिने हसून विचारलं होतं, या वयात पोहायला का शिकायचंय, फिटनेस की फन?

पाण्यात आमचा एक पोरगा राहिलाय, हे तिला कसं सांगू? मी म्हटलं, “जस्ट इन केस.”

“नो वरीज,” ती म्हणाली आणि मला कठडा सोडायला लावला.